बोटांमधला पडदा

पुढच्या पायांची बोटं बघा, म्हणाला कासरगोडचा अब्दुस्सलाम,
अल-रायच्या शुक्रवार बाजारात,
पोपटांचे पिंजरे आणि कासवांची घमेली ओलांडून
जिथे पत्र्याखालची सावलीही तापलेली असते.
बोटांमध्ये पडदा असेल तर बटू. अंगठ्याएवढाच राहील.
बोटं सुटी असतील तर तो दुसरा:
वर्षभरात मुठीएवढा,
आणि तुमचे मासे एकेक करून त्याच्या पोटात.
पिशवीत मात्र दोन्ही सारखेच.

शाल्मलीने चष्मा कपाळावर सरकवून
वीस मिनिटं बेडकांचे हात पाहिले.
हातच म्हणायची ती, पाय नाही.
चार निवडले. पाचवा फार बारीक होता,
तो नको, उपाशी राहिलेला सावरत नाही.
फहाहील येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

मी शुऐबाच्या प्लांटवर पाणी करतो.
करतो, असंच म्हणतो आम्ही. समुद्र उकळायचा,
वाफ धरायची, मीठ परत द्यायचं,
शेवटी क्लोरीन. माझ्या शिफ्टला त्याचा डोस मीच बघतो.
ते पाणी माझ्याआधी घरी पोचतं
आणि मी बादलीवर वाकून थेंब मोजतो,
क्लोरीन मारायचे.
एका हाताने घालायचं, दुसऱ्याने काढायचं,
वृंदा म्हणायची, ही नोकरी आहे की व्रत?

जुलैत गच्चीवरची टाकी चुलीवर ठेवल्यासारखी.
म्हणून गीझर बंद, आणि त्यातलं पाणी तेच आमचं गार.
बादली रात्रभर एसीखाली. सकाळी पंचवीस अंश.
मग पाव टाकी बदलायची, जास्त नाही.
पाणी दोन वितींहून खोल नको,
कल्ले नाहीत त्यांना, श्वासाला वर यावं लागतं.
प्रवाह मंद. झाकण घट्ट.

झाकण मी एकदा विसरलो.
धुळीच्या वादळानंतर घर झाडताना
चपलांच्या रॅकमागे वृंदाला वाटलं, चिंच आहे.
शाल्मलीने तो तळहातावर घेऊन बोटं पाहिली.
कागदासारखा झाला होता पडदा. पण होता.

आमच्या शाकाहारी फ्रीझरमध्ये
मटार, खवलेला नारळ, आणि रक्तकिड्यांच्या लाल वड्या.
त्या डब्यावर वृंदाने मार्करने लिहिलं:
हे आपलं नाही.
बेडकांना दिसतं कमीच, सगळं वासावर.
चिमट्याने अगदी नाकाशी धरावं लागतं,
तरी शेजाऱ्याचाच पाय तोंडात घेतात,
चूक कळली की सोडतात,
भांडण नाही, माफी नाही,
हात पसरून पुन्हा तसेच तरंगत.

दहावी झाली तशा दोघी नाशिकला गेल्या.
क्लास, कॉलेज, इथलं भाडं: हिशेब बरोबर होता.
राहिलो मी आणि तिघे.
भुसावळच्या लोकोशेडातले माझे नाना
ऊठसूट म्हणायचे, कूपमंडूक होशील, नीघ कुठेतरी.
निघालो, नाना. एकवीस वर्षं झाली.
समोर एवढा समुद्र,
आणि मी दोन वितींची विहीर सांभाळतो.

परवा पहाटे नाइट करून आलो
तर घरात कसलीतरी घरघर.
बेअरिंग गेलं, हा माझा पहिला विचार.
फ्रिज बंद केला. एसी बंद केला. फिल्टरही.
आवाज चालूच. तळाशी, गुळगुळीत दगडाआड,
एक नर, तोंड मिटून, मादीला बोलावत होता.
तिघांत मादी आहे की नाही
हे मला आजवर ओळखता आलेलं नाही.

फोन लावला. नाशिकला साडेसहा.
काचेला टेकवून धरला.
काही ऐकू येत नाहीये, बाबा, ती म्हणाली,
आणि जांभई देत, हात दाखवा ना.
कोणाचे, मी विचारलं नाही.
कॅमेरा वळवला. तेवढ्यात तो
एका श्वासासाठी वर निघाला होता,
बोटं पूर्ण फाकवून,
आणि दिव्याचा उजेड
मधल्या पडद्यातून आरपार येत होता.